अॅडव्हेंचर बाईकला रोड टायर घालायचे का? वाचकांचे प्रश्न

यावेळी टायरवरच एवढे प्रश्न आलेत की बाकीचे चेन, बॅटरी, सीट वगैरे सगळे पुढच्या अंकात घेतो. बरेच प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : काका, माझ्या अॅडव्हेंचर बाईकचं पुढचं चाक १९ इंची आहे, कंपनीचे टायर आता संपत आलेत. माझं जवळपास सगळं रायडिंग डांबरी रोडवर असतं, वर्षातून एक-दोनदा कच्चा रस्ता लागतो. पण ग्रुपमधले सगळे म्हणतात फिफ्टी-फिफ्टीच (निम्मा डांबराचा, निम्मा कच्च्याचा टायर) घे, रोड टायर घालायचे होते तर ही बाईक घेतलीस कशाला. खरं सांगायचं तर बटण टायरचा, म्हणजे उंच रबरी ठोकळ्यांच्या टायरचा, लुक मलाही आवडतो. काय करू?

उत्तर : अरे, आधी एक काम कर. मागच्या वर्षभरातल्या सगळ्या राइड आठव आणि कागदावर लिहून काढ, कुठे गेलास, किती किमी, त्यातले कच्चे किती. अंदाजाने नको, खरंच लिही. मी चार वर्षं बटण टायर वापरलेत, मला वाटायचं आपण निम्मं तरी कच्च्यात असतो. एका संध्याकाळी पावसात सिग्नलला ब्रेक मारला आणि पुढचं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून सरळ घसरत पुढे गेलं, बाईक पडली नाही पण मागे बायको बसलेली होती आणि माझे पाय घरी पोचेपर्यंत थरथरत होते. त्या रात्री मी वही काढून हिशोब केला. वर्षाचे ११ हजार किमी आणि त्यातले कच्चे ३०० सुद्धा नाहीत. म्हणजे त्या ३०० किमीसाठी मी उरलेल्या सगळ्या रस्त्यावर कमी ग्रिपने फिरत होतो.

बटण टायर डांबरावर कमी का पडतो ते समजून घे म्हणजे ग्रुपमध्ये कोणी काहीही बोललं तरी तुला उत्तर देता येईल. बाईकचा टायर रोडला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. बटण टायरमध्ये त्या तळहातातला बराच भाग मोकळ्या खाचांचा असतो, मातीत त्या खाचा माती पकडतात पण डांबराला पकडायला काहीच नसतं, तिथे फक्त रबर कामाला येतं. शिवाय ते उंच ठोकळे ब्रेक मारला की वाकतात, वळणात झुकलास की वाकतात, त्यामुळे हँडलला सगळं थोडं उशिरा आणि थोडं ढिलं कळतं. रोडकडे झुकणाऱ्या टायरमध्ये रबर जास्त टेकतं, पाणी बाहेर काढायला बारीक बारीक चिरा असतात आणि रबरात सिलिका घातलेली असते त्यामुळे थंड आणि ओल्या रोडवर तो लवकर पकड घेतो. बऱ्याच टायरमध्ये मधला पट्टा कडक रबराचा आणि कडा मऊ रबराच्या असतात, म्हणजे हायवेवर लवकर झिजत नाही आणि वळणात चिकटतो.

आणि हे फिफ्टी-फिफ्टी, ऐंशी-वीस, नव्वद-दहा (पहिला आकडा डांबराचा, दुसरा कच्च्याचा) जे म्हणतात ना, ते कुठल्याही प्रयोगशाळेत मोजलेलं माप नाही, प्रत्येक कंपनी आपल्या टायरबद्दल आपल्या मनाने सांगते. एकाचा ऐंशी-वीस दुसऱ्याच्या नव्वद-दहासारखा असू शकतो. म्हणून आकडा बघू नकोस, नक्षी बघ. मधोमध अखंड रबर किती आणि खाच किती, एवढं बघितलंस तरी अर्धा टायर कळतो.

तुझ्यासारख्या वापराला मिशेलिन अनाकी अॅडव्हेंचर, मेट्झेलर टूरन्स नेक्स्ट २, ब्रिजस्टोन बॅटलॅक्स ए४१, पिरेली स्कॉर्पियन ट्रेल २, कॉन्टिनेंटल ट्रेलअटॅक ३ या घरातले टायर बघ. यात अनाकी अॅडव्हेंचर थोडा कच्च्याकडे झुकतो, ए४१ आणि ट्रेलअटॅक जवळपास पूर्ण रोडचे. आणि कच्च्यात खरंच अजिबात जाणार नसशील तर मिशेलिन रोड ६ सारखा पक्का स्पोर्ट-टूरिंग (फक्त डांबरावरच्या लांब प्रवासाचा) टायरसुद्धा १९ इंचात येतो, त्यावर मोठी अॅडव्हेंचर बाईक पावसात जी चालते ती एकदा अनुभवलीस की बटणांची आठवण येणार नाही. तुझ्या वर्णनावरून मी तुला पहिल्या यादीतला कुठलाही घे म्हणेन, त्यातल्या त्यात जो तुझ्या दुकानात ताजा मिळेल तो. या टायरांमधला आपसातला फरक लहान आहे, जुना कडक झालेला आणि ताजा यातला फरक मोठा.

काय गमावशील तेही सांगतो. ओला चिखल, खोल वाळू, ओलं गवत. चिखलात या टायरच्या बारीक चिरा दोन मिनिटांत भरतात आणि मग तो गुळगुळीत रबराचा पाइप होतो, तिथे जायचंच नाही. सुकी घट्ट माती आणि बारीक खडी मात्र सांभाळून होते, त्याबद्दल खाली आणखी एक प्रश्न आहे.

प्रश्न : टायरच्या बाजूला 150/70 R 17 69V असं लिहिलंय. दुकानदार म्हणतोय १६० घाला, रुंद दिसेल आणि ग्रिप पण वाढेल. घालू का?

उत्तर : नका घालू. आधी ते आकडे वाचू. १५० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १०५ मिमी. आर म्हणजे रेडियल (आतले धागे चाकाला आडवे असलेला टायर), १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ६९ हा वजनाचा कोड आहे, त्याचा अर्थ हा एक टायर पूर्ण हवेत ३२५ किलो वजन घेऊ शकतो, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किमीपर्यंतचा. एच असेल तर २१०, टी असेल तर १९०, क्यू असेल तर १६०. बऱ्याच बटण टायरांवर क्यू दिसतो, म्हणून हायवेला जोरात जाणाऱ्यांनी ते अक्षर बघून घ्यावं.

आता १६० चं. तुमच्या रिमची रुंदी १५० ला धरून बनवलेली आहे. त्यावर १६० चढवला की दोन्ही बाजूंनी तो आत दाबला जातो आणि मधे जास्त टोकदार होतो, म्हणजे रुंद टायर घेऊन टेकणारी जागा वाढेलच असं नाही, वळायला मात्र बाईक जड होईल. चेनला आणि स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासायची भीती वेगळीच. आणि चाकाचा व्यास बदलला की एबीएस (ब्रेकमध्ये चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (गॅस दिल्यावर चाक घसरू न देणारी) ज्या हिशोबावर चालतात तो हिशोबही बदलतो. मॅन्युअलमध्ये जो साइज आहे तोच घाला, वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर लिहिलंय तेवढं किंवा त्याच्या वरचं घ्या, खाली जाऊ नका.

प्रश्न : काका, मी तीन वर्षं बाईक चालवतेय, कधी पडले नाही. मागच्या आठवड्यात नवे रोड टायर घातले आणि दुकानातून निघाल्यावर पहिल्याच वळणावर मागचं चाक सटकलं, पडता पडता वाचले. टायर खराब निघाला का? दुकानदार म्हणतो सगळं बरोबर आहे. आता मला झुकवायचीच भीती वाटतेय.

उत्तर : अगं आधी बरं झालं वाचलीस. टायर खराब असण्याची शक्यता फार कमी, आणि तुझं चालवणं पण चुकलं असं मी म्हणणार नाही, नवा टायर आधी सांभाळून चालवायचा हे दुकानदाराने तुला सांगायला हवं होतं आणि कोणी सांगितलं नाही.

नवा टायर साच्यातून येतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग अगदी गुळगुळीत, चकचकीत असतो. रबराला डांबर पकडायला थोडा खरखरीतपणा लागतो, तो रोडवर घासूनच येतो. रबरातली तेलं, मेणं पण वरच्या थरात आलेली असतात. त्यात टायर रिमवर चढवताना साबण किंवा पेस्ट लावतात, ती वाळून टायर रिमला घट्ट बसेपर्यंत एखादा दिवस जातो, तोपर्यंत जोरात गॅस किंवा ब्रेक दिला तर टायर रिमवर सरकू पण शकतो. म्हणून बहुतेक कंपन्या पहिले १०० ते २०० किमी सांभाळून चालवायला सांगतात.

पण हे किलोमीटर नुसते मोजायचे नसतात, आणि इथेच भरपूर लोक फसतात. कोणी २०० किमी सरळ हायवेवर जाऊन येतो आणि समजतो की टायर तयार झाला. अरे तयार झाला तो मधला पट्टा! कडा अजून कोऱ्याच आहेत, त्यांनी डांबर बघितलंच नाही. मग पहिल्या घाटात झुकवली की तेच होतं जे तुझ्या बाबतीत झालं. कडा तयार करायच्या असतील तर वळणं पाहिजेत, आणि दर थोड्या किमीला आधीपेक्षा जरासं जास्त झुकवायचं, एकदम नाही. मी असं करतो, पहिले २० ते ३० किमी जवळपास सरळ, गॅस आणि ब्रेक हळू, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवून. मग सुक्या, स्वच्छ, ओळखीच्या वळणाच्या रोडवर जातो आणि तिथे पुढचे शंभरेक किमी आरामात, डावी-उजवी दोन्हीकडे. मधे थांबून टायर बघायचा, चकाकी जाऊन राखाडी मॅट रंग कुठपर्यंत आलाय ते स्पष्ट दिसतं. जिथे चकाकी आहे तिथपर्यंत अजून तुझी हद्द नाही. आणि हो, पाऊस असेल तर टायर त्या दिवशी बदलूच नको, किंवा बदलून बाईक घरी नेऊन उभी कर.

सरळ रोडवर नागमोडी चालवून टायर तापवतात ना काही लोक, त्याने काही तापत नाही. टायर तापतो तो ब्रेक आणि गॅसने आतून वाकतो तेव्हा, म्हणून सरळ रेषेत हळूहळू वाढवत केलेलं ब्रेकिंग जास्त कामाचं. सँड पेपर मारणं, पेट्रोलने पुसणं हे अजिबात करू नको, पेट्रोल रबराला खराब करतं. आणि चकचकीत दिसायला टायर पॉलिश मारतात ते जमिनीला टेकणाऱ्या भागावर कधीच लागू द्यायचं नाही.

टायर बदलून आणलास की आणखी एक गोष्ट, ही मी प्रत्येकाला सांगतो कारण यात जीव जाऊ शकतो. चाक काढताना ब्रेकचे पॅड मागे ढकलले जातात. चाक परत बसवलं तरी पहिल्यांदा ब्रेक दाबला की लिव्हर सरळ हँडलला टेकतो आणि ब्रेक लागतच नाही. म्हणून बाईकवर बसल्या बसल्या, चाक हलायच्या आधी, पुढचा आणि मागचा दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबून घट्ट लागतायत बघायचे. मग टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे का, आणि रिमच्या कडेने टायरवर जी बारीक रेघ असते ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे का. कुठे आत बुडलेली दिसली तर टायर नीट बसलेला नाही, परत बसवायला लाव. चेनचा ढिलेपणा आणि अॅक्सलचा नटही बघ.

भीतीचं म्हणशील तर ती वेळेने जाते. त्याच वळणावर लगेच परत जायची घाई करू नको. मोकळ्या रोडवर दोन-तीन सकाळी आरामात फिर, टायर मॅट होत जाताना तूच बघशील आणि भरवसा आपोआप परत येईल.

प्रश्न : नवे टायर घातल्यापासून बाईक वळणात "पडल्यासारखी" वाटते, जरा ढकललं की आत जाते. आणि स्पीडोमीटरही पहिल्यापेक्षा कमी दाखवतोय असा मला भास होतो. मेकॅनिक हसला.

उत्तर : हसायला नको होतं, तुमचं दोन्ही बरोबर आहे. जुना मागचा टायर हायवेवर चालून मधे सपाट झालेला होता. सपाट टायर झुकवताना त्या सपाट भागाच्या कडेवरून चढावं लागतं, आपण महिनोन्महिने नकळत हँडलला जास्त जोर लावायला शिकतो. नवा टायर गोल आहे, त्याला तेवढा जोर लागत नाही, आणि तुमचे हात अजून जुनाच जोर लावतायत. चार-पाचशे किमीत हात शिकतात. तोपर्यंत वळणात जरा लवकर आणि हलकं सुरू करा.

स्पीडोचं गणित असं की १५०/७०-१७ चा नवा टायर साधारण ६४२ मिमी व्यासाचा असतो. नक्षी ६ मिमी झिजली की व्यास १२ मिमीने कमी होतो, म्हणजे जवळपास २ टक्के. जुना टायर तेवढाच वेग असताना जास्त फेरे मारत होता म्हणून काटा जास्त दाखवत होता. ज्या चाकावर स्पीडचा सेन्सर आहे त्या चाकाचा टायर बदलला की हा फरक दिसतो. १०० ला २ चा फरक, तुमच्या डोळ्याने पकडला हे कौतुकाचंच.

प्रश्न : हवा किती ठेवायची? मॅन्युअल एक सांगतं, पंपवाला दुसरं, ग्रुपवर तिसरंच. काही लोक म्हणतात नव्या टायरला कमी हवा ठेवा म्हणजे ग्रिप जास्त. आम्ही पुढच्या महिन्यात उंच पर्वतात चाललोय, तिथे काय करायचं?

उत्तर : मॅन्युअल किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर जे आहे ते. माझ्याकडे इतक्या वेळा हा प्रश्न येतो आणि दर वेळी मी हेच सांगतो, कारण तो आकडा त्या बाईकचं वजन धरून काढलेला असतो. उदाहरणार्थ बीएमडब्ल्यू आर १२०० जीएसला पुढे २.५ बार आणि मागे २.९ बार, म्हणजे ३६ आणि ४२ पीएसआय (बार आणि पीएसआय ही दोन्ही हवेच्या दाबाची मापं). तुमच्या बाईकचं वेगळं असेल. टायरच्या बाजूला जो मोठा आकडा असतो तो कमाल हवेचा, तो भरायचा नसतो.

हा आकडा थंड टायरचा असतो हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. थंड म्हणजे दोन-तीन तास उभी असलेली, उन्हात नसलेली बाईक. अर्धा तास चालवून पंपावर गेलात आणि ४० दिसले म्हणून ३६ पर्यंत सोडलीत तर सकाळी तुमच्या टायरमध्ये ३२ असतील. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, कडा लवकर झिजतात, वळणात बाईक लोळल्यासारखी वाटते आणि ओल्या रोडवर टायर पाणी नीट बाहेर फेकू शकत नाही. नव्या टायरला कमी हवा वगैरे डांबरावर काही नाही. रेसट्रॅकवाले कमी ठेवतात कारण त्यांचे टायर तिथे भयंकर तापतात, आपले तसे तापत नाहीत.

स्वतःचा एक चांगला गेज (हवा मोजायचं मीटर) घ्या आणि तोच कायम वापरा. दर आठवड्याला, आणि लांब राइडच्या सकाळी. सामान आणि मागे माणूस असेल तर स्टिकरवर त्याचा वेगळा आकडा असतो, बहुतेक वेळा मागच्या टायरला वाढीव, तो वापरा.

आता पर्वताचं, हा प्रश्न मला खूप आवडला कारण इथे दोन गोष्टी उलट्या दिशेने ओढतात. थंडी वाढली की टायरमधली हवा आकसते, ३६ पीएसआयचा टायर ३० अंशांवरून १५ वर आला तर साधारण अडीच पीएसआयने उतरतो. पण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो आणि गेज फक्त आतला-बाहेरचा फरक दाखवतो, त्यामुळे समुद्रसपाटीला भरलेला टायर ३००० मीटरवर त्याच तापमानात चार-साडेचार पीएसआय जास्त दाखवेल. दोन्ही मिळून बऱ्याचदा थोडंसंच जास्त दिसतं. वर गेल्यावर पहाटे थंड असताना बघा, दोन-तीन पीएसआय जास्त असेल तर तसंच राहू द्या. खरी चूक होते ती परतीच्या वेळी. लोक वर हवा सोडतात, खाली उतरल्यावर विसरतात, आणि मग भरपूर सामान, गरम रोड आणि चार-पाच पीएसआय कमी हवा घेऊन शेकडो किमी हायवे मारतात. खाली उतरलात की पहिल्या मुक्कामाच्या सकाळी परत मोजा.

प्रश्न : माझा मागचाच टायर संपलाय, पुढच्यात निम्मी नक्षी आहे. पुढे बटण आहे, मागे रोड टायर घालून चालेल का?

उत्तर : चालेल पण मला पटणार नाही. ओल्या रोडवर मागचं चाक सटकलं तर बऱ्याच वेळा सावरता येतं, पुढचं सटकलं तर सावरायला वेळच मिळत नाही. तुम्ही पुढे कमी ग्रिप आणि मागे जास्त ग्रिप करताय, म्हणजे नेमकं उलटं. कंपन्या पुढचा-मागचा जोडीने टेस्ट करतात. निम्मा पुढचा टायर वाया जातोय हे मलाही टोचतं पण शक्य असेल तर जोडी घाला, आणि तो निम्मा टायर एखाद्या कच्च्या ट्रिपसाठी सावलीत ठेवून द्या. रेडियल आणि बायस प्लाय (आतले धागे तिरके, एकमेकांवरून गेलेला टायर) मिसळायचा प्रश्न पण आला होता, कंपनीनेच तशी जोडी दिली असेल तर बिनधास्त, २१ इंची पुढच्या चाकाच्या बऱ्याच बाईकला तशी येते, स्वतःच्या मनाने मात्र नको.

आणि तुमच्या पत्रात पुढून घूंऽऽ असा आवाज येतो लिहिलंय, तो बटणं एका बाजूने जास्त झिजून करवतीसारखी झाल्यामुळे येतो. हात फिरवून बघा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने टोचेल. हवा कमी राहिली की हे लवकर होतं.

प्रश्न : रोड टायर घातले, आता वाटेत दहा-पंधरा किमी खडीचा रस्ता आहे. जाऊ का परत फिरू?

उत्तर : सुका असेल तर जा. मी रोड टायरवर खूप खडी चालवलीय, हळू जातो एवढंच. गाडी आपल्याआपण थोडी इकडेतिकडे नाचते, तिला नाचू द्यायचं, हँडल हातात घट्ट आवळलं की ती नाचायची थांबत नाही, उलट तो हलण्याचा झटका तुमच्या खांद्यांतून परत तिच्याकडेच जातो. शक्य असेल तर फूटरेस्टवर उभे राहा, गुडघ्यांनी टाकी हलकी धरा, नजर लांब. आधीच्या गाड्यांच्या चाकांनी खडी बाजूला सारून जो घट्ट पट्टा तयार केलेला असतो तो धरा, मधल्या ढिगावरून या पट्ट्यातून त्या पट्ट्यात जायचं असेल तर सरळ आणि हलक्या गॅसवर. वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात ब्रेकला बोट लावू नका, आणि पुढचा ब्रेक वापरायचाच तर अगदी दोन बोटांनी, हळूहळू. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनला ब्रेक मारू द्या.

हवा सोडायची का, तर दहा-पंधरा किमीसाठी मी सोडत नाही. लांब पट्टा असेल तर चार-पाच पीएसआय, त्याहून जास्त नाही, कारण अलॉय रिम दगडावर आपटून चेपली की ट्यूबलेस टायर हवा धरत नाही आणि मग तिथेच बसायची वेळ. पंप सोबत नसेल तर सोडूच नका. आणि डांबर लागलं की आधी थांबून परत भरा, गाव जवळ आहे तिथे भरू असं म्हणू नका. पावसाने खडीची माती झालेली असेल, पुढच्या गाडीच्या चाकाला चिखल चिकटलेला दिसत असेल, तर परत फिरा.

प्रश्न : दुकानात "नवा" म्हणून दिलेला टायर खरंच नवा आहे हे कसं कळणार?

उत्तर : बाजूवर डीओटी (DOT) अशी अक्षरं लिहिलेली असतात, त्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. 2324 असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. कधीकधी तो टायरच्या एकाच बाजूला असतो, म्हणून बसवायच्या आधीच फिरवून बघा. नीट सावलीत ठेवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर मला चालतो. त्यापेक्षा जुना असेल तर मी दुसरा मागतो, कारण टायर आपल्याला आणखी काही वर्षं वापरायचाय. वापरातला टायर पाच वर्षांचा झाला की दर वर्षी माहितगाराकडून बारीक चिरा, फुगवटा बघून घ्या आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी बनवल्यापासून १० वर्षांच्या पुढे नको. हा मिशेलिनचाच सल्ला आहे आणि मी तो पाळतो.

प्रश्न : माझ्या बाईकला २१ इंची तारांचं चाक आहे, आत ट्यूब. रोड टायर मिळतील का? ट्यूबलेस लिहिलेला टायर मिळाला तर ट्यूब काढून टाकू का?

उत्तर : मिळतील. ९०/९०-२१ मध्ये ए४१, टूरन्स नेक्स्ट २, ट्रेलअटॅक ३ सगळे येतात, पक्के स्पोर्ट-टूरिंग मात्र या साइजला मिळणं अवघड. ट्यूब काढू नका. तारा जिथे रिमच्या मधोमध घुसतात तिथून हवा निघते, टायर ट्यूबलेस असून उपयोग नाही, रिमही तशी पाहिजे. ट्यूबलेस लिहिलेला टायर ट्यूब घालून वापरता येतो, फक्त टायरच्या कंपनीने परवानगी दिलीय ना ते बघा. टायर नवा तर ट्यूब आणि आतली रबरी पट्टी पण नवी घाला, जुनी ट्यूब जुन्या टायरच्या मापाला ताणलेली असते, नव्यात तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती फाटते. ट्यूब फाटली की हवा एका क्षणात जाते, म्हणून जुनी ट्यूब टायरसोबतच काढून टाका आणि एक जादा ट्यूब सामानात राहू द्या, २१ ची घेतलीत तर अडचणीत ती मागच्या चाकातही तात्पुरती घालून जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत हळूहळू पोचता येतं.